लॅब (लॅब्रेडोर) कुत्री, 9 महिने, पहिल्यांदाच माजावर आलीय आणि घरात गणपती! काय करू?

अमळनेरची_सून

नमस्कार सगळ्यांना. आमची चिंगी, लॅब आहे, याच महिन्यात नऊ महिने पूर्ण झाले. हरतालिकेच्या दिवशी सकाळी फरशी पुसत होते तर ओट्यापासून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत लाल ठिपके. मला वाटलं पायात काच गेली म्हणून चारही पंजे उलटेपालटे करून पाहिले, काहीच नाही, मग लक्षात आलं की शेपटीखाली चांगलंच सुजलंय आणि ही सारखी तिथेच चाटत बसतेय. म्हणजे आज चौथा दिवस.

आता अडचण अशी की हॉलमध्ये मखर आहे, आणि सासूबाईंचं म्हणणं की गणपती उठेपर्यंत हिला मागच्या अंगणात बांध, घरात विटाळ नको. मागची भिंत जेमतेम साडेचार फूट, पलीकडे बोळ आहे. कालपासून गेटसमोर तीन कुत्री ठाण मांडून आहेत, त्यातला एक कानतुटका तर रात्रभर तिथेच होता, पेपरवाल्याने हाकलला तर पाच मिनिटात परत हजर. मिस्टर म्हणतात एवढं काय, आठवड्यात रक्त थांबेल, मग सोड मोकळी. शेजारच्या काकू म्हणतात एकदा पिल्लं होऊ द्या, कुत्रीच्या तब्येतीला चांगलं असतं. आणि रविवारी नणंदबाई जळगावहून येणार, सोबत त्यांचा पॉमेरियन, तो अजून सात महिन्यांचाच आहे म्हणा.

मी आधी कधी कुत्रं पाळलेलं नाही, माहेरी मांजर होती फक्त. चिंगी जेवत पण नाहीये नीट, कालची पोळी तशीच पडून. कोणी नीट सांगेल का किती दिवस चालतं, डायपर लावू का, आंघोळ घालू का? आणि सासूबाईंना काय सांगू?

तापीकाठचा_शेतकरी

ताई पहिली गोष्ट, तिले बाहेर बांधू नका. कायले सांगतो ते ऐका.

आमची केळी आहे रावेरकडे, मळ्यात राखणीला कुत्री होती, काळी, अंगाने दांडगी. पहिल्या माजाला आम्ही तिले पंप हाऊसच्या बाहेर साखळीने बांधलं, म्हटलं बांधलेली आहे म्हणजे झालं काम. अहो बांधलेली कुत्री म्हणजे तर त्याईले ताटात वाढून दिल्यासारखं, तिले ना पळता येत ना बसता येत. सकाळी पाणी द्यायला गेलो तर एक लागलेला, दोन बाजूला बसून पाहून राह्यले. मी येडा, काठी घेऊन धावलो, ते दोघं अडकलेले, ते ओढलं गेलं आणि कुत्री अशी किंचाळली की बाजूच्या मळ्यातला माणूस पळत आला. दोन महिन्यांनी सात पिल्लं. दोन काळी, तीन पिवळी, दोन पांढऱ्यावर ठिपके. एका वेताला तीन बाप! मले आधी कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. पिल्लं वाटता वाटता नाकी नऊ आले, शेवटी दोन राहिलीच ती अजून मळ्यात आहेत.

काकूंना सांगा, पिल्लं झाल्यावर निम्मी तुमच्याकडे. मग पाह्यजो काय म्हणतात.

रिंगरोडवाला

ताई टेन्शन नका घेऊ, सोपा उपाय आहे, खोबरेल तेलात कापूर मिसळून शेपटीजवळ लावा दिवसातून दोनदा, वास मारला जातो आणि कुत्री फिरकत नाहीत. आमच्या गल्लीत सगळे हेच करतात. विक्स पण चालतं.

पशुवैद्य_धुळे

आधी कापराचं बघू. कृपया लावू नका. कापूर कुत्र्याच्या कातडीतून पण आत जातो आणि ही तर दिवसभर तिथेच चाटणार, म्हणजे पोटात जाणार, उलट्या होतात, झटके येऊ शकतात. सुजलेल्या नाजूक जागेवर विक्स चोळायची कल्पना स्वतःवर करून बघा म्हणजे कळेल. आणि एवढं करून वास काही जात नाही, कुत्र्याचं नाक आपल्यासारखं नसतं.

आता ताईंच्या मुद्द्यावर. तुमच्या मिस्टरांचं गणित नेमकं उलटं आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच केसेस याच गणिताने फसलेल्या असतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण बाईच्या पाळीवरून अंदाज बांधतो. बाईचं रक्त जातं तेव्हा आधीचं चक्र संपलेलं असतं, बीज यायला अजून वेळ असतो. कुत्रीचं तसं नाही, तिचं रक्त म्हणजे पुढच्या गोष्टीची तयारी. पहिले साधारण नऊ दिवस रक्त जातं, कुत्री मागे लागतात पण ती बसते, गुरगुरते, चावायला जाते, कोणाला जवळ येऊ देत नाही. मग रक्त फिकं होत जातं, लाल ते गुलाबी, गुलाबी ते मेथी भिजवलेल्या पाण्यासारखं. घरच्यांना वाटतं संपलं. आणि त्याच वेळी ती शेपटी एका बाजूला सारून उभी राहायला लागते. खरा धोका इथे सुरू होतो, आणखी साधारण नऊ दिवसांचा, कधी कमी कधी बराच जास्त. सगळं धरून तीन आठवडे, काहींना चार. पुस्तकातले नऊ नऊ दिवस ही सरासरी, पहिल्या माजाला तर काहीच भरवसा नाही. कधी आठवड्यात थांबतो आणि दोनचार आठवड्यांनी परत सुरू होतो, कधी रक्त दिसतच नाही इतकं कमी असतं. नराचं बीज तिच्या पोटात पाचसहा दिवससुद्धा जिवंत राहतं, त्यामुळे "तो दिवस नव्हता" हा हिशेब कामाचा नाही.

आता तुमची तारीख मोजा. हरतालिका पहिला दिवस धरला तर अनंत चतुर्दशी येते बाराव्या दिवशी. विसर्जनाला गेट सताड उघडं, दहा माणसं आत दहा बाहेर, ढोल, फटाके, आणि घाबरून पळालेली चिंगी. त्या दिवशी तिला आतल्या खोलीत कडी लावून ठेवा, आणि खोलीची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांवर सोडलं की कोणीच बघत नाही.

एक सोपं काम रोज सकाळी करा. जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा घ्या, तिथे हलकेच टेकवा आणि रंग बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहा. लाल, गुलाबी, पिवळट, काही नाही. "काही नाही" लिहिल्यावरसुद्धा आठवडाभर गेट बंद.

डायपर फरशीसाठी आहे, कुत्र्यांसाठी नाही. डायपर लावलेल्या कुत्रीला कुत्रा अडत नाही, फाडतो नाहीतर बाजूला सारतो. लहान मुलांचा मोठ्या साइजचा डायपर घ्या, शेपटीपुरतं भोक पाडा, चिकटपट्टी पाठीवर येईल असा लावा आणि दर तीनचार तासांनी काढा, नाहीतर पुरळ येईल. चाटत असेल तर चाटू द्या, ती तिची स्वच्छता आहे. आंघोळ घातली तर बिघडत नाही, फक्त आत पाणी मारू नका, डेटॉल तर अजिबात नको. जेवण पहिले काही दिवस कमी होतं, पाणी पीत असेल आणि उठून बसत असेल तर काळजी नको. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर दाखवा.

पॉमेरियन रविवारी येऊ देऊ नका. सात महिन्यांचा नर बाप होऊ शकतो, उंची कमी आहे म्हणून होणार नाही असं समजू नका, ओट्याच्या पायरीवर त्यांची उंची बरोबर जमते. नुकतीच नसबंदी केलेला नर असेल तरी काही आठवडे तसाच धोका.

काकूंचं "एकदा पिल्लं" हे खरं नाही. त्याने तब्येत सुधारत नाही, उलट नऊ महिन्यांची चिंगी अजून स्वतःच वाढतेय, तिच्या हाडांनाच कॅल्शियम पुरवताना पोटात सहा पिल्लं कशाला.

अमळनेरची_सून

डॉक्टर खूप खूप आभार, तुमचं सगळं मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं, "मेथीच्या पाण्यासारखं" म्हटल्यावर ते उठूनच गेले 😄

नणंदबाईंना फोन केला, पॉम शेजाऱ्यांकडे ठेवून येणार. रुसल्यात थोड्या. कापूर मी लावणारच होते उद्या, बरं झालं विचारलं.

पण सासूबाईंचा प्रश्न तसाच. त्यांना डॉक्टर वगैरे सांगून उपयोग नाही, त्यांचं देवाचं आहे. आणि लागलीच चुकून तर? तेव्हा काय करायचं?

साक्री_मेंढरं

आमना गावमा कुत्री वरीसमा एकच दाव माजवर येस, भादवामा. गावठी कुत्री बहुतेक वर्षाला एकदाच, पाऊस ओसरला की, म्हणून तर थंडीत गल्लीगल्लीत पिल्लं दिसतात. तुमची लॅब सहासात महिन्यांनी परत येईल, तिला भादवा-बिदवा नाही. पण आत्ता भादवाच चालू आहे म्हणजे गावातली सगळी कुत्री आधीच पेटलेली, त्यामुळे गेटवर तीनची सहा होतील, तयारी ठेवा.

आम्ही मेंढरांमागे फिरतो तेव्हा माजावरची कुत्री वाड्याजवळ ठेवतच नाही, घरी पाठवतो, नाहीतर बाकीची कुत्री राखण सोडून तिच्यामागे आणि लांडग्याला मोकळं रान. कुत्र्याचं डोकं तेव्हा कामच करत नाही. खाणं सोडतात, आपापसात फाडून घेतात. त्यांना मारू नका ताई, त्यांचा काय दोष, पाण्याचा तांब्या टाका अंगावर तेवढं पुरे. आणि चिंगीला गेटजवळ मुतू देऊ नका, तीच जाहिरात आहे. फिरायला न्यायचंच तर गाडीवर बसवून लांब शेतात न्या, दोरी हातात गुंडाळून, पट्टा गळ्यातून निसटतो म्हणून छातीचा घ्या.

पशुवैद्य_धुळे

साक्रीकरांनी बरोबर सांगितलं. एक भर, तांब्या टाकायचा तो लागायच्या आधी. एकदा लागले की नराच्या इंद्रियाची गाठ आत फुगलेली असते, दहापंधरा मिनिटं, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. तेव्हा पाणी, काठी, ओढणं काही नाही. कुत्रीचं डोकं धरून शांत उभं राहायचं, आपोआप सुटतात. ओढलं तर दोघांना जखम होते, वर रावेरच्या दादांनी लिहिलंच आहे.

लागली तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि एकदोन दिवसात डॉक्टरकडे न्या. पर्याय असतात पण प्रत्येकाची वेळ ठरलेली असते, महिनाभर वाट बघून आलात तर हात बांधले जातात. जुन्या पद्धतीचं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर नीट विचारून घ्या, त्याने रक्त तयार होणंच बंद पडू शकतं आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. मेडिकलमधली माणसांची गोळी देऊ नका, हे लिहितोय कारण लोक देतात. गाभण आहे का ते साधारण चार आठवड्यांनी सोनोग्राफीत दिसतं, पिल्लं 63 दिवसांच्या आसपास.

अजून एक, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. भटक्या नराकडून नुसती पिल्लंच येत नाहीत. लागण्यातून पसरणारी एक गाठ असते, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, मादीच्या आत वाढते, महिन्यांनी रक्त ठिबकायला लागतं आणि घरचे म्हणतात "हिचा माज संपतच नाही". आपल्याकडे भरपूर आहे. बरी होते, पण आठवड्याला एक अशी केमोची इंजेक्शनं घ्यावी लागतात.

भुसावळ_क्वार्टर

ताई सासूबाईंसाठी माझा अनुभव. आमच्याकडे पण हेच होतं, शिवाशिव. मी आईंना सांगितलं की बाहेर बांधली तर गणपतीसमोर सगळ्या गल्लीदेखत कुत्री लागेल, आरतीला आलेली पोरंबाळं बघतील, ते चालेल का? पाच मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ने तिला मागच्या खोलीत. वाद घालू नका, चित्र उभं करा डोळ्यासमोर 😀 आमच्या रेल्वे क्वार्टरला मागे कोळशाची जुनी खोली आहे, जाळीचं दार, तिथे जुनी गोधडी टाकली, पंखा लावला, झालं. जाळीवर पण विसंबू नका, बाहेरून पत्रा लावा, कुत्रा जाळी दाताने सोलतो.

पण मला लिहायचंय ते पुढचं. माज संपला, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. दीडेक महिन्याने आमची सोनी पाणी प्यायला लागली, म्हणजे किती, तर सकाळी भरलेली घमेली दुपारी कोरडी, मोरीतलं पण चाटायची. ऑक्टोबरचं ऊन होतं, भुसावळचं ऊन तुम्हाला माहीत आहे, मी म्हटलं उन्हाने. मग खाणं सोडलं, दोन उलट्या. इथे एका ठिकाणी दाखवलं तर गॅस म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं, मला ते तेव्हाच पटलं नव्हतं पण आपण काय बोलणार. दुसऱ्या दिवशी शेपटीखाली तपकिरी घाण, आणि वास असा की खोलीत उभं राहवत नव्हतं. रिक्षात घालून जळगावला नेली, गर्भाशय पुवाने भरलेलं निघालं. त्याच रात्री ऑपरेशन. वाचली. डॉक्टर म्हणाले आणखी एक दिवस गेला असता तर नसती वाचली. चार वर्षांची होती फक्त.

म्हणून तुम्हाला सांगते, गणपतीत नाही, दिवाळीत लक्ष ठेवा.

पशुवैद्य_धुळे

भुसावळच्या ताईंनी लिहिलेलं सगळ्यांनी दोनदा वाचा. माजानंतर दोनतीन महिन्यांपर्यंत केव्हाही होऊ शकतं. मोठ्या वयात जास्त दिसतं पण लहान कुत्रीला होत नाही असं नाही. जास्त पाणी, कमी खाणं, सुस्ती, माजानंतर कुठलाही घाण स्राव, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी दाखवा आणि डॉक्टरला आपणहून सांगा की माज अमुक तारखेला येऊन गेला. आम्ही पण विसरतो विचारायला. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्राव बाहेर येतच नाही, नुसतं पोट फुगतं, ते जास्त वाईट.

त्याच काळात दुसरंही होतं ते घाबरण्यासारखं नसतं. चिंगी लागलेली नसली तरी तिला वाटेल आपल्याला पिल्लं होणार. थानं भरतील, दूध येईल, कोपऱ्यात खड्डा करेल, चप्पल नाहीतर मऊ बाहुली कुशीत घेऊन बसेल, काढायला गेलात तर गुरगुरेल. थानं पिळू नका, पिळलं की अजून येतं. दोनतीन आठवड्यात ओसरतं.

नसबंदी करायची असेल तर माजात नको, तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. संपल्यावर तीनेक महिने जाऊ द्या, म्हणजे तुमचं संक्रांतीच्या आसपास येईल, थंडीत जखमही छान सुकते. स्तनाच्या गाठींबद्दल 1969 चा एक अमेरिकन अभ्यास सगळे डॉक्टर सांगतात, पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर धोका जवळपास नाहीच, पहिल्या माजानंतर केली तर नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या धोक्याच्या 8 टक्के, दुसऱ्यानंतर 26 टक्के. पुढे त्या आकड्यांवर शंकाही घेतली गेलीय, आणि लॅबसारख्या मोठ्या जातीत फार लवकर केलं तर सांध्यांना त्रास होतो असंही दिसलंय. माझं मत विचाराल तर तुमच्या चिंगीला पहिला माज होऊन गेलाय, दुसऱ्याची वाट बघू नका. माज थांबवायचं इंजेक्शन मात्र कोणी दिलं तरी घेऊ नका, त्यानेच पुवाचा धोका वाढतो.

रिंगरोडवाला

डॉक्टर साहेब कापराचं माहीत नव्हतं हो. गल्लीत सांगतो.

अमळनेरची_सून

अपडेट देते, आज सव्विसावा दिवस.

भुसावळच्या ताईंची आयडिया चालली! सासूबाई "आरतीला पोरं बघतील" ऐकून लगेच म्हणाल्या धान्याच्या खोलीत ठेव. विसर्जनाच्या दिवशी मी गेलेच नाही, मागच्या खोलीत चिंगीसोबत कडी लावून बसले, बाहेर ढोल आणि ही माझ्या मांडीखाली डोकं खुपसून थरथरतेय. त्याच सकाळी कपड्यावर पिवळट आलं होतं. संध्याकाळी तिच्या कमरेवर हात ठेवला तर शेपटी झटक्यात उजवीकडे. डॉक्टर, अंगावर काटा आला, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच.

पण खरा घोळ पुढे झाला. विसर्जन झालं म्हटलं सुटलो, तर पुनवेला शेजारी गुलाबाई बसली! पोरी रोज संध्याकाळी आमच्याकडेपण गाणी म्हणायला, खाऊ ओळखायला, आणि जाताना गेट उघडं. चौदाव्या दिवशी कानतुटका थेट ओट्यावर. चिंगी नेमकी हॉलमध्ये होती, मध्ये फक्त जाळीचं दार, आणि ही आतून शेपटी बाजूला करून उभी. मी स्वयंपाकघरातून ओरडले पण माझ्याआधी सासूबाई पोचल्या, हातातला गुलाबाईच्या खाऊचा डबा, राजगिऱ्याचे लाडू होते, तो तसाच त्याच्या दिशेने भिरकावला. कानतुटका दोन लाडू घेऊन पळाला. पोरी खाऊ ओळखायच्या आधीच खाऊ गेला म्हणून रडारड.

तेव्हापासून सासूबाई रोज संध्याकाळी स्वतः गेटपाशी खुर्ची टाकून बसतात, पायाशी पाण्याची बादली. कॅलेंडरवर रंग पण त्याच लिहितात आता, माझ्या अक्षरापेक्षा त्यांचं नीट आहे. चार दिवस झाले "काही नाही" लिहिलंय, आणखी तीन दिवस लिहिणार म्हणतात. गेटवर आता कोणी नसतं, कानतुटका सोडून, तो लाडवासाठी येतो असं वाटतं.

डॉक्टर, संक्रांतीचं पक्कं करते. धुळ्याला आणायची तर आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची का?

पशुवैद्य_धुळे

हो, रात्री दहानंतर खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल. येताना ते कॅलेंडरचं पान घेऊन या.